काढून ठेवलेला पट्टा

"मास्तर, जरा त्या खिडकीपर्यंत चालून दाखवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तर खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन उठले. उठताना देवाचं नाव त्यांच्या तोंडून आपसूक निघालं. पूर्वी ते भक्तीनं घेत. अलीकडे गुडघ्यांसाठी जास्त घेतलं जाई, आणि देवालाही आता त्यातला फरक कळत असणार.

"आजवर मी ट्रकांची मापं घेतली, बाई," ते काठी भिंतीला टेकवत म्हणाले. "तंबूंची घेतली, टेम्पोच्या हुडांची घेतली. माझं माप घ्यायला कुणी पहिल्यांदाच निघालंय."

"मग आज ट्रकसारखे निमूट राहा," त्या म्हणाल्या. हसल्या, पण डोळे मास्तरांच्या पायांवरच होते.

मास्तर चालले. चालले म्हणजे डुलले. भरल्या दोन बादल्या हातांत धरून माणूस जसा एकदा या कडेला आणि एकदा त्या कडेला कलत जातो, तसे ते बादल्यांशिवाय जात. बाजारात त्यांना डुलके मास्तर म्हणत, त्यांच्या वडिलांनाही तेच म्हणत, आणि जाड कापडाचं काम घेऊन कुणी परगावाहून आला तर त्याला नाव विचारायची गरज पडत नसे. "तो डुलतोय ना, तोच शिंपी," असं कुणीही बोट दाखवून सांगे.

खिडकीच्या काचेत त्यांना स्वतःची छबी दिसली. तिच्यामागे आणखी एक लहान छबी डुलत येत होती. त्यांची सात वर्षांची नात, भिंगरी, कुणी न सांगता आजोबांच्या मागोमाग निघाली होती. हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं; पाळण्यात हातपाय असे मारायची की ही पोर घरभर फिरत सुटणार असं वाटायचं. ती फिरत सुटली नाही. उशिरा चालली, चार पावलांत दमली, शाळेतून गुडघे धरून यायची. गावच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हटलं, वाढीचं दुखणं म्हटलं, तेल चोळा म्हटलं. शेवटी कुणीतरी या मोठ्या इस्पितळातल्या, हाडांचे घराण्यात चालत येणारे दुर्मिळ आजार बघणाऱ्या बाईंकडे पाठवलं. आणि बाईंनी पोरीच्या हाडांचे फोटो पाहून पहिला निरोप काय दिला, तर आजोबांना घेऊन या.

"नक्कल करते हो माझी," मास्तर मागे वळून म्हणाले. "आमच्या घराण्यात पोरांना ती खोडच आहे."

कोपऱ्यात दोन पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली त्यांची लेक, म्हणजे भिंगरीची आई, फरशीकडे बघत राहिली.

बाईंनी त्यांची उंची घेतली, हात पसरायला लावून टेप लावली, बोटं वाकवून पाहिली. मग कागद पुढे ओढला.

"गुडघे कधीपासून?"

"पस्तिशीपासून. खुबे त्यानंतर गेले. ते मशीनचं आहे, बाई. आमचं कापड जाड, पायडल जड. इतर शिंपी फुलपाखरं शिवतात, आम्ही हत्ती शिवतो. वडिलांचे पाय गेले तसेच माझे गेले. धंद्याचा गुण."

"वडीलही असेच चालायचे?"

"हुबेहूब."

"आणखी कुणी घरात?"

"धाकटी आत्या चालायची."

"त्याही मशीनवर बसायच्या?"

"छे, छे. बायकांना कोण बसवतंय तेव्हा? तिनं सुईत दोरासुद्धा ओवला नाही जन्मात."

"मग?"

"लहानपणी ती माझ्या आजोबांची चाल काढून दाखवायची. अख्खं घर हसायचं. काढता काढता अंगालाच बसली. आजी म्हणायची, नक्कल करू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"गुडघे दुखायचे आत्यांचे?"

"दुखायचे की. शेवटी शेवटी भिंतीला धरून चालायची. वय झालं होतं तिचं."

"किती होतं?"

मास्तरांनी मनात हिशेब केला. उत्तर इतकं कमी आलं की ते त्यांना बरोबर वाटेना, म्हणून पुन्हा केला. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

बाईंनीही पुन्हा विचारलं नाही. म्हणाल्या, "तुमचं रक्त तपासायला घेते. आणि ताई, तुमचंही. शिवाय तुमच्या खुब्यांचा एक फोटो काढू."

"मला काय झालंय?" लेक पटकन म्हणाली. "मी तर दिवसभर उभी असते दुकानात."

"उभ्यानं?"

"कापडाच्या दुकानात आहे ती, काउंटरला," मास्तर मध्येच बोलले. आवाजात ताठा आला. "मी मुद्दाम उभ्याचं काम बघून दिलं. माझ्या पोरीला मी मशीनला बोट लावू दिलेलं नाही, बाई. म्हणून म्हणतो, हे दुखणं आमच्याकडून आलेलं नसणार. साखळीची मधली कडीच मी काढून ठेवलेली आहे."

रक्त घेणारी परिचारिका सुई घेऊन आली तेव्हा मास्तरांनी बाही वर केली आणि म्हणाले, "घाबरणाऱ्यातला नाही मी. आमची सुई बघशील तर तूच पळशील."

*

मास्तरांचं दुकान म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. जमिनीवर ताडपत्रीचे गठ्ठे, भिंतीला पितळी कड्यांच्या माळा, आणि मधोमध आजोबांच्या वेळचं काळं, जड पायमशीन. त्याच्या खालच्या मोठ्या चाकावरून वरच्या लहान चाकावर चामड्याचा एक पट्टा जातो. तो पट्टा आहे तर मशीन आहे. तो काढला तर पायडल कितीही मारा, सुई हलत नाही. अंगात प्राण नसावा तसं ते नुसतं लोखंड होऊन बसतं.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. मास्तर दुपारचे आडवे झाले होते आणि त्यांना झोपेत मशीनचा आवाज आला. आपलं मशीन आपल्याशिवाय कसं चालतंय, म्हणून उठून बाहेर आले. लेक तेव्हा दहा-अकरा वर्षांची. स्टुलाच्या अगदी कडेवर बसून, पाय कसेबसे पायडलला पुरवून, ताडपत्रीच्या तुकड्याची पिशवी शिवत होती. त्यांनी खांद्यावरून वाकून टीप पाहिली. सरळ होती. नुसती सरळ नव्हे, एकसारखी होती. जाड कापडाच्या दुमडीवर सुई अडखळते, तिथंही अडखळली नव्हती. तसली टीप मास्तरांच्या हातून निघायला वडिलांची कित्येक वर्षं बोलणी खावी लागली होती. त्यांचा ऊर भरून आला.

आणि मग त्यांची नजर खाली गेली. ते दोन लहान गुडघे वर होत होते, खाली होत होते.

त्या वेळी मागच्या खोलीत मास्तरांचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. कूस बदलायची तर दोन माणसं लागत, आणि प्रत्येक कुशीला ते आईला हाक मारत. आई जाऊन तीस वर्षं झालेली. नेमकी तीच हाक त्या घटकेला आतून आली.

मास्तरांनी लेकीच्या काखेत हात घालून तिला उचललं, खाली ठेवलं, आणि पट्टा काढून घेतला.

"हे मशीन पाय खातं," ते म्हणाले. "आजोबांचे खाल्ले. माझे खातंय. तुझे नाही देणार मी."

त्या दिवसापासून नेम झाला. दुपारी जेवायला उठले की पट्टा काढायचा, संध्याकाळी दुकान आवरलं की पट्टा काढायचा, गुंडाळी करायची, आणि आतल्या खोलीत देवाच्या तसबिरीखालच्या खिळ्याला अडकवायची. लेक मोठी झाली, तिचं लग्न झालं, ती चार गल्ल्या पलीकडे नांदायला गेली. मशीनवर बसू बघणारं घरात कुणी उरलं नाही. तरी पट्टा निघतच राहिला.

"एखाद दिवशी देवाला फूल वाहायचं राहिलं असेल तुमचं," त्यांची बायको म्हणायची, "पण पट्टा वाहायचा कधी चुकला नाही."

माणसानं आयुष्यात केलेल्या चार गोष्टींतली तीन तरी वाया जातात. मास्तरांची कुणाबद्दल तक्रार नव्हती. दुकान वाढलं नाही, दुसरं मूल जगलं नाही, पाय गेले. देवानं दिलं तेवढं घेतलं. पण एक गोष्ट धड केली, लेकीचे पाय वाचवले, एवढ्या एका समाधानाच्या उशीवर डोकं ठेवून ते रोज झोपत. आणि इस्पितळातून आल्यापासून ती उशीच कुणीतरी हळूहळू ओढून घेतंय असं त्यांना वाटत होतं.

रक्ताचा निकाल यायला काही महिने लागणार होते. त्या महिन्यांत मास्तर देवाजवळ एकच मागणं मागत. एकदा बायकोनं ते ऐकलं.

"काय पुटपुटता?"

"काही नाही. भिंगरीचं दुखणं आपल्याकडून नसू दे, एवढंच."

"म्हणजे जावयाच्या घराकडून असू दे?" ती हातातलं काम न थांबवता म्हणाली. "तो बिचारा परमुलखात गाड्या चालवतोय. तुमचं ओझं उचलून त्याच्या दारात टाकायला देव काय हमाल आहे?"

तरी मास्तरांचं मागणं बदललं नाही. फक्त ते आता मनातल्या मनात मागू लागले.

*

निकालाच्या दिवशी लेकीनं अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. तिघं बाईंच्या समोर बसली. बाईंच्या डोळ्यांखाली काळं आलेलं होतं. बाहेर बाकांवर अजून कितीतरी आया पोरांना मांडीवर घेऊन ताटकळत होत्या.

"मास्तर, एकाच मापाच्या दहा ताडपत्र्या कापायच्या असल्या तर तुम्ही काय करता?"

"पुठ्ठ्याचा खाका करतो. खाका ठेवायचा, खडूनं रेघ मारायची, कात्री लावायची."

"आणि खाक्याचाच एक कोपरा चुकलेला असला तर?"

"तर मग कात्री कितीही..." मास्तर बोलता बोलता थांबले.

"शरीराचेही खाके असतात," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाला दोन मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. हाडांच्या टोकांना एक गुळगुळीत गादी असते, त्यामुळे सांधे न घासता फिरतात. ती गादी कशी बनवायची हे जिथं लिहिलेलं असतं, तिथं तुमच्या एका खाक्यात अगदी बारीक फरक आहे. तोच ताईंमध्ये सापडला, आणि तोच हिच्यात. कुणाला जास्त त्रास होतो, कुणाला कमी. फार थोड्या घरांत असतं हे. तुमच्या वडिलांनाही तेच होतं असं मला वाटतं. आणि आत्यांना."

भिंगरी खुर्चीवर बसून पाय हलवत होती. तिचे बूट खुर्चीच्या दांडीला लागून टक टक वाजत होते.

"ही चालत राहील ना?" लेकीनं विचारलं.

"राहील. शाळेत शर्यती आणि उड्या नकोत. पोहू द्या, सायकल चालवू द्या, वजन वाढू देऊ नका. मोठेपणी कदाचित सांधे बदलावे लागतील. जिवाला धोका नाही. आणि आता नाव कळलंय, तेव्हा नसती औषधं बंद. तेलं बंद. शाळेत कुणी आळशी म्हणालं तर माझ्याकडे पाठवा."

"आणि दुसरं मूल झालं तर?"

"निम्मी शक्यता. प्रत्येक वेळी निम्मी."

लेकीनं मान हलवली. ती पुढे काही विचारेना, तेव्हा मास्तर खाकरले.

"मग मशीन?"

"कुठलं मशीन?"

"शिवायचं. म्हणजे... मशीनमुळे नाही हे?"

"नाही, मास्तर. तुम्ही जन्मात मशीन पाहिलं नसतं तरी असंच झालं असतं. जड पायडलनं दुखणं थोडं वाढवलं असेल. पण मशीननं कुणाचे पाय खाल्ले नाहीत."

एखाद्या चोरासाठी माणसानं जन्मभर दाराशी जागत बसावं, ऊन-थंडी सोसावी, घरच्यांनाही दाराजवळ फिरकू देऊ नये. आणि शेवटी त्याला कळावं, की चोर बाहेरून यायचाच नव्हता, तो घरातच जन्मला होता. अशा माणसानं रागवायचं कुणावर? दारावर? देवावर? मास्तर खाली मान घालून काठीच्या मुठीवरचं रंग उडालेलं लाकूड अंगठ्यानं चोळत राहिले.

बाईंनी उजेडाच्या फळीवर एक काळा फोटो लावला. "ताई, हे तुमचे खुबे. हे बघा, इथं गोल असायला हवं, तिथं चपटं झालंय. कधीपासून दुखतंय?"

लेक क्षणभर बापाकडे बघायला गेली आणि मध्येच तिनं नजर वळवली.

"भिंगरी पोटात होती तेव्हापासून."

"बोलली नाहीस," मास्तर म्हणाले.

"काय बोलायचं, बाबा? तुम्ही गल्लीभर सांगायचा, मशीनला हात लावू दिला नाही म्हणून माझ्या पोरीचे पाय शाबूत आहेत." ती रागावून म्हणाली नाही. दुकानात गिऱ्हाईकाला कापडाचा भाव सांगावा तशा सवयीच्या, दमलेल्या आवाजात म्हणाली. "तुम्ही किती खूश असायचा ते सांगताना."

"हे दिवसभर उभं राहणं मात्र थांबवावं लागेल," बाई फोटोकडे बघत पुढे बोलत होत्या. "यानं खुबे लवकर झिजतील. बसून करायचं काहीतरी काम बघा, हातांचं. हात तुमचे अगदी चांगले आहेत, मी तपासलेत ना. शिवणबिवण येतं का?"

खोलीत भिंगरीच्या बुटांचा आवाज तेवढा होता.

"नाही," लेक म्हणाली.

*

इस्पितळाच्या फाटकापाशी एक बुटकी भिंत आहे. आत जाणारे-येणारे दमलेले सगळेच तिच्यावर टेकतात, म्हणून ती वरून गुळगुळीत झाली आहे. मास्तर टेकले. शेजारी लेक टेकली. भिंगरीला लेकीनं उचलून मध्ये बसवलं आणि तिच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला.

समोरून एक भाजीची हातगाडी गेली, एक रिकामी रुग्णवाहिका गेली.

"मी एकदा नाडी बांधली होती," लेक म्हणाली.

"हं?"

"मशीनला. पट्टा तुम्ही न्यायचा, म्हणून जाड नाडी घेतली, गाठ मारली, चाकांवर चढवली. तुम्ही झोपला होता. चार टाके पडले असतील. मग ती घसरायला लागली."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"उठल्यावर तुझ्या नाडीला काळं तेल लागलेलं दिसलं. पट्टा चढवायला गेलो तर सुईखाली दोरा अडकलेला होता." मास्तर समोर बघत बोलत होते. "मी तो काढला. तुला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या जाड नाड्या तेवढ्या उचलून ठेवल्या."

लेक हसली. म्हणजे नाकातून थोडा श्वास सोडला.

"आई शोधत बसली होती त्या. परकरात घालायला."

"शोधत बसली होती खरी."

"आजोबा, बिस्कीट," भिंगरी म्हणाली. मास्तरांनी घेतलं आणि हातातच धरून ठेवलं.

"तुझा हात चांगला होता," थोड्या वेळानं ते म्हणाले. "त्या पिशवीची टीप. माझ्या वडिलांनी ती बघितली असती तर..." त्यांना पुढचं सापडेना. "ती पिशवी मी खिळे ठेवायला वापरली. अजून आहे. एक टाका उसवलेला नाही."

लेकीनं भिंगरीच्या फ्रॉकवरचा चुरा झटकला, भिंतीला हात लावून उठली. आणि उठताना तिच्या तोंडून देवाचं नाव निघालं.

मास्तरांनी ते ऐकलं. इतकी वर्षं ते तिच्या तोंडी होतं की आजच आलं, ते त्यांना सांगता येईना.

"मला दुकानात जायला हवं," ती म्हणाली. "अर्ध्याच दिवसाची रजा आहे. हिला तुमच्याबरोबर न्या."

आणि ती गेली. मास्तर भिंतीवर बसून तिची पाठ बघत राहिले. अगदी थोडी डुलत होती. एखाद्याला दिसलंही नसतं. बापालाही दिसलं नव्हतं.

*

त्या संध्याकाळी दुकान आवरताना मास्तरांचा हात पट्ट्याकडे गेला. बोटांनी आपलं काम केलं. चाकाला अर्धा फेरा दिला, पट्टा कडेला ओढला, काढला. गुंडाळी हातात घेऊन ते उभे राहिले. आतून बायकोनं विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

"आपलंच आहे," मास्तर म्हणाले. "आपल्याच घरातलं."

ती पदराला हात पुसत दाराशी आली. मास्तरांच्या हातातल्या गुंडाळीकडे तिनं पाहिलं. टोमणा तिच्या अगदी ओठांवर असणार, आयुष्यभराची सवय होती. पण ती म्हणाली, "चहा टाकते," आणि आत गेली.

मास्तरांनी पट्टा त्या दिवशी खिळ्याला लावला नाही, चाकावरही चढवला नाही. मशीनच्या फळीवर ठेवला. सापाचं पिल्लू वेटोळं करून बसावं तसा तो तिथं पडून राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो चढवून टेम्पोचं हुड पुरं केलं, आणि संध्याकाळी काढायला गेलेला हात मागे घेतला.

लेकीची सुट्टी आठवड्यातून एकदा असते. त्या दिवशी ती नेहमीसारखी आईला भेटायला आली, आत बसली, बोलली, चहा घेतला. मग निघता निघता दुकानात थांबली. मास्तर एका मोठ्या ताडपत्रीच्या कडेला टीप मारत होते. भिंगरी गठ्ठ्यावर बसून पितळी कड्या दोऱ्यात ओवत होती.

मास्तर स्टुलावरून उठले. काठी घेऊन बाजूला उभे राहिले, जसे बसमध्ये कुणासाठी जागा सोडतात तसे.

लेक रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिली.

"आता कुठं, बाबा," ती म्हणाली. "पस्तिशी आली माझी."

"मोटर बसवून घेतो. मग पायाला काही करावं लागणार नाही. नुसता हात."

"दुकान सोडून चालायचं नाही मला एवढ्यात. भिंगरीचं आहे, घरभाडं आहे."

"सोड कोण म्हणतंय. बस नुसती."

ती बसली. पाय पायडलवर ठेवले. आता पुरत होते. ताडपत्रीची कड सुईखाली सरकवली आणि पायडल दाबलं. चाक उलटं फिरलं, खटकन दोरा तुटला.

"बघा," ती म्हणाली.

मास्तरांनी दोरा घेतला, ओठांत ओला केला, सुईच्या नाकाशी नेला. एकदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. लेकीनं तो त्यांच्या हातातून घेऊन एका फटक्यात ओवला. मग मास्तरांनी वाकून मशीनच्या लहान चाकावर आपला तळहात ठेवला आणि त्याला पुढच्या अंगाला हलकीशी चाल दिली. "आता," ते म्हणाले.

मशीन चाललं. सावकाश चाललं, दुमडीवर अडखळलं, थांबलं, पुन्हा चाललं. स्टुलावर लेक आणि बाजूला फळीला धरून उभे मास्तर, असं त्या खोलीनं कधी पाहिलं नव्हतं. मास्तरांचे गुडघे ठणकत होते, पण बसायला दुसरं स्टूल नव्हतं आणि त्यांनी मागितलंही नाही.

वीतभर टीप झाली आणि लेकीनं पाय थांबवला. तिनं कापड उलटून पाहिलं.

"वाकडी आली."

आली होती. मध्येच बाहेर गेली होती, मग घाबरून आत आली होती. दहा वर्षांच्या पोरीची टीप यापेक्षा सरळ होती, हे दोघांनाही दिसत होतं. वाकडी टीप मास्तरांच्या दुकानातून कधी बाहेर पडली नव्हती. उसवायची बारीक कात्री तिथंच फळीवर, हाताशी होती. लेकीनं ती उचलून त्यांच्यापुढे धरली.

मास्तरांनी कात्री घेतली. टिपेवरून एकदा अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग शेवटचा लोंबणारा दोरा तेवढा कापला, आणि कात्री परत फळीवर ठेवली.

"पुढं घे," ते म्हणाले.

भिंगरीची माळ पुरी झाली होती. ती गठ्ठ्यावरून उतरली आणि कड्या वाजवत, डुलत डुलत, आजीला दाखवायला आत गेली. मास्तरांनी तिच्या चालीकडे पाहिलं. नक्कल करते, असं ते आज म्हणाले नाहीत.

संध्याकाळी लेक नातीला घेऊन गेल्यावर त्यांनी दुकान झाडलं, तुकडे गोळा केले, मशीनवर फडकं टाकलं. आतल्या खोलीत देवापुढे दिवा लागला होता. तसबिरीखालचा खिळा रिकामा होता, आणि इतक्या वर्षांच्या पट्ट्यानं त्याच्या खाली भिंतीवर जो काळा गोल उमटवला होता, तो दिव्याच्या उजेडात त्यांनी आज पहिल्यांदाच सबंध पाहिला.

"रंग द्यायला हवा तिथं," बायको म्हणाली.

"राहू दे," मास्तर म्हणाले, आणि हात जोडून त्याच्यासमोर सावकाश खाली बसू लागले.